मुंगीशी खेळलेले डाव

त्या घरात बुद्धिबळ आलं ते फाटक्या अवस्थेत. बाबा पुस्तकं बांधायचे. तळमजल्यावर कारखाना, वर दोन खोल्या. कोणीतरी बुद्धिबळाच्या डावांचं एक जाडजूड पुस्तक शिवायला टाकून गेलं आणि न्यायला पुन्हा फिरकलंच नाही. बाबांनी ते शिवता शिवता वाचलं, वाचता वाचता नाद लागला, आणि हा काही एकट्याने खेळायचा खेळ नव्हे म्हणून त्यांनी थोरल्याला समोर बसवलं. थोरला म्हणजे दादा. तेव्हा तो शाळकरी होता, पण डोकं तल्लख. बघता बघता तो बाबांना चारी मुंड्या चीत करू लागला, आणि बाबा खळीचे हात पुसत गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमचा पोरगा नाव काढणार बघा."

धाकटी त्याच्याहून सात वर्षांनी लहान. अंगाने इतकुशी, आणि पावलांचा आवाज न करता कुठेही उगवायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. बाप-लेक खेळत असले की ती जवळच फरशीवर पुठ्ठ्याच्या कातरणांची घरं करत बसायची. तिच्याकडे कोणाचं लक्ष नसायचं.

मुंगी सहा वर्षांची असताना एका दुपारी दोघं डाव अर्धा टाकून वर जेवायला आले. पट खाली कारखान्यातच राहिला. चाल बाबांची होती, ते विचारात गढून जेवत होते. मुंगीने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. त्यातून तोंड काढून ती म्हणाली, "बाबा, घोडा उचला ना. मग दादाचा हत्ती जातोच."

बाबांचा घास हातातच राहिला. दादाला आधी हसू आलं. मग त्याने मनातल्या मनात पट मांडून पाहिला, तसं ते हसू विरून गेलं. हत्ती खरंच जात होता.

"हिला कोणी शिकवलं?" आईने विचारलं.

कोणीच शिकवलं नव्हतं. बाबांनी तिला विचारलं, पांढरा उंट कुठे आहे, काळ्या राजापुढे कोणती प्यादी उरलीत. ती पाणी पिता पिता सांगत गेली. बाबा जेवण तसंच टाकून खाली गेले, पट पाहून आले आणि दारात उभे राहून आईला म्हणाले, "सगळं बरोबर आहे." चोर घरात शिरावा आणि काही न नेता उलट सोनं ठेवून जावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मुंगीला क्लबात घातलं ती नऊ वर्षांची झाल्यावर. क्लब म्हणजे एका छापखान्याच्या माडीवरची लांबट खोली. टेबलं डुगडुगणारी, भिंतीवर जुन्या खेळाडूंचे पिवळे पडलेले फोटो. क्लब चालवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी पहिल्या दिवशी गंमत म्हणून आपला वजीर बाजूला काढून तिला खेळायला घेतलं. हरले. मग वजीर पटावर ठेवला आणि म्हणाले, "मांड परत." पुन्हा हरले. तिसऱ्या डावानंतर त्यांनी मोहरे डब्यात भरले आणि दादाला बाहेर जिन्यात नेलं.

"अरे, हे काय प्रकरण आहे?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी पोरांना शिकवतोय. असं काही कधी पाहिलं नाही."

"माझ्याशी मात्र हरते ती," दादा म्हणाला.

आणि ते खरंच होतं. मुंगी क्लबातल्या एकेकाला लोळवत गेली. मिशीवाले बाप्ये तिच्यासमोर घाम पुसायचे. पण घरी दादासमोर बसली की हरायची, फार तर बरोबरी करायची. मास्तरांना याचं नवल वाटायचं. दादाकडे उत्तर तयार होतं. "तिचं एक वाईट आहे. डाव संपत आला की तिला दम निघत नाही. शेवटी घाई करते. मला ते ठाऊक आहे, बाकीच्यांना नाही." हे सांगताना त्याला बरं वाटायचं. बहीण अचाट होती, पण तिची किल्ली आपल्या खिशात आहे, असं ते बरं वाटणं होतं.

दादा एकोणीस वर्षांचा झाला त्या वर्षी त्याला मास्टरचा किताब मिळायची वेळ आली. मोठ्या शहरातल्या एका हॉटेलात स्पर्धा होती. शेवटच्या फेरीआधी त्याला फक्त अर्धा गुण हवा होता, म्हणजे एक बरोबरी पुरे. स्पर्धेत मुंगीही होती, बारा वर्षांची, बसल्यावर पाय जमिनीला न टेकणारी. शेवटच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या आणि लोक हसायला लागले. दादासमोर मुंगी आली होती.

"घरचाच मामला," कोणीतरी म्हणालं. मास्तरांनी दादाच्या पाठीवर थोपटलं. आईचा जीव भांड्यात पडला. बाबांनी तेवढं बजावून ठेवलं, "डावाबद्दल तुम्ही दोघांनी आपसात एक शब्द बोलायचा नाही. पटावर काय ते बघा." तसं कोणी बोललंही नाही. बोलायची गरज काय, असंच सगळ्यांना वाटलं.

दादाकडे पांढरे मोहरे होते. थोड्या चाली झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "बरोबरी?"

मुंगीने वर पाहिलं नाही. तिने एक प्यादं पुढे सरकवलं आणि घड्याळाचं बटण दाबलं.

दादाला वाटलं, लाजली असेल, नाही तर एवढ्या लोकांसमोर लगेच हो कसं म्हणायचं, म्हणून थांबली असेल. तो घाबरला नाही. त्याने एकामागून एक मोहरे मारामारीत काढून टाकले, वजीरही गेले, आणि डाव त्याला हव्या त्या जागी आला. दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी. इथेच मुंगी घाई करते. तो खुर्चीत मागे रेलून वाट पाहू लागला.

मुंगीने घाई केली नाही. तिने हत्ती एका जागी नेऊन ठेवला, तिथून दादाचा राजा जखडला गेला. मग तिने आपला राजा काढला आणि एकेक घर चालवत पटाच्या दुसऱ्या बाजूला नेला. दादाचा हत्ती धावपळ करत होता, तिचा राजा चालत होता. समोर बसलेली ही मुलगी त्याच्या ओळखीची नव्हती. त्याने पुन्हा विचारलं, "मुंगे, बरोबरी?"

तिने मान हलवली. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. एक थेंब पटावर पडला, तो तिने बाहीने पुसला आणि पुढची चाल केली. तीही अचूक होती.

दादाने राजा आडवा केला. पंचांनी निकालाच्या कागदावर सही करताना दोनदा नावं वाचली. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. आई मुंगीजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "अगं, सख्खा भाऊ ना तुझा?"

घरी जायच्या बसला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर चौघं ओळीने बसले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. दादाने विचारलं, "राजा असा चालवायला कधी शिकलीस?"

"खूप आधी."

"मग घरी का नाही खेळलीस कधी?"

"घरी तू हरलास की जेवायचा नाहीस."

"मी कधी हरलो घरी?"

"एकदा," मुंगी म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. तू ताटावरून उठून गेलास. आई भांडी पुसत होती, ती मला म्हणाली, त्याला जिंकू दे गं बाई, तो जेवत नाही."

दादाला अंधुक आठवलं. ताट सरकवलेलं आठवलं, हरलेला डाव आठवला नाही. "म्हणजे तेव्हापासून..."

"हो."

"सगळे?"

"सगळे."

"आणि ती शेवटची घाई?"

"ती मी तुझ्यासाठी ठेवली होती," मुंगी म्हणाली. "हरायला काहीतरी कारण दिसायला लागतं ना."

किताब गेला होता, पण त्याचं दुःख अजून यायचंच होतं, त्याच्या आधी हे येऊन आदळलं. चार वर्षं. कारखान्यात, गच्चीवर, आजारपणात अंथरुणावर पट मांडून खेळलेले शेकडो डाव. त्यातल्या एकाही डावात दादा जिंकला नव्हता.

"मग आज का नाही..." त्याने विचारलं.

"आज घड्याळ होतं, पंच होते. तिथे खोटं कसं खेळायचं?" मुंगी रडवेली झाली. "आणि मला वाटलं, आता तू मोठा झालास."

"मी असं म्हणाले?" आईने बाबांना विचारलं. "मला तर काही आठवत नाही हो." पदर तोंडाला लावून ती तेच तेच म्हणत राहिली. बस आली तेव्हा बाबांनी तिला हाताला धरून चढवलं.

दादा त्यानंतर स्पर्धेत खेळला नाही. लोकांना वाटलं रुसला. मास्तर घरी येऊन बसले, समजूत घातली, पुढच्या वर्षी किताब कुठे जात नाही म्हणाले. दादा रागावलेला नव्हताच. त्याचं दुखणं वेगळं होतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. क्लबात कोणावर मात केली की त्याच्या मनात यायचं, हा खरंच हरला की यालाही कोणी काही सांगून ठेवलंय? एकदा शंकेचा किडा लागला की लाकूड आतून पोकळ व्हायला किती वेळ लागतो. त्याने पट बांधून माळ्यावर टाकला आणि एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागला. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, नाकावरच्या गाद्या गिऱ्हाइकाच्या नाकाला जुळवून द्यायच्या. तिथे बरं होतं. काच बसली की बसली, नाही तर पडली. त्याच दुकानात डोळे तपासणाऱ्या मुलीशी पुढे त्याचं लग्न झालं.

मुंगी मात्र थांबली नाही. पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. विशीत पोचली तेव्हा जगातल्या पहिल्या दहांत होती. वर्षातले बहुतेक दिवस परदेशी, विमानात, हॉटेलांत. दुकानाच्या टीव्हीवर तिचा चेहरा दिसला की दादाचे हात थांबायचे. तो पडद्यावरच्या त्या बाईकडे अनोळखी माणसाने पाहावं तसा पाही. ती फोन करायची. आईचा गुडघा, बाबांचा खोकला, तिकडची थंडी, असं सगळं बोलणं व्हायचं. बुद्धिबळाचा विषय दोघंही विस्तव टाळावा तसा टाळायचे.

मग एका वर्षी ती सारखी हरू लागली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, संपली. तिचा प्रशिक्षक सोडून गेला. आणि एका सकाळी दुकानाचं दार ढकलून मुंगी आत आली. न कळवता, एकटी, हातात एकच बॅग. दादा एका म्हाताऱ्या बाईच्या फ्रेमचा स्क्रू आवळत होता. तो हातातून निसटला आणि काउंटरखाली कुठेतरी गेला.

गिऱ्हाईक गेल्यावर मुंगी म्हणाली, "दादा, मोठी स्पर्धा आहे. जगज्जेत्याशी कोणी खेळायचं ते आठ जणांतून ठरणार आहे. माझ्याबरोबर चल. रोज माझ्याशी खेळ."

"मी?" दादाला हे चेष्टेसारखं वाटलं. "अगं, तुझ्यासारखीला हजार जण मिळतील. मी चष्मेवाला. दहा वर्षं प्यादं हातात धरलं नाही."

"मला तूच हवास." ती काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमशी चाळा करत होती. "तुला माहितीय, मला खेळ कोणी शिकवला? बाबांनी नाही, मास्तरांनी नाही. तुझ्याशी हरण्याने शिकवला."

एवढ्या वर्षांनी तो विषय निघाला होता, आणि तोही असा, भर दुकानात.

"ऐक तर," ती म्हणाली. "जिंकायचं म्हणजे चांगली चाल शोधायची, बस्स. पण हरायचं, आणि तुला कळू द्यायचं नाही, म्हणजे तुला काय दिसतंय आणि काय दिसत नाही हे तुझ्याआधी मला दिसायला हवं. चार वर्षं मी पटाकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होते. पुढे मी सगळ्यांना त्यावरच हरवलं. आता कॉम्प्युटरने सांगितलेल्या चाली पाठ करते आणि समोर माणूस बसलाय हेच विसरते. मला ते परत हवंय."

ज्या चार वर्षांना दादा जन्मभर दया समजून बसला होता, भीक समजून बसला होता, ती तिची शाळा होती. आपण शाळा होतो, हे त्याच्या पचनीच पडेना. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"एक अट आहे," शेवटी तो म्हणाला. "एकही डाव सोडायचा नाही. एकही."

"नाही सोडणार."

आतून बायको बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "जा तू," ती म्हणाली. "काचा मी बसवीन. तुझ्यापेक्षा सरळ बसतील."

समुद्राकाठी एक घर भाड्याने घेतलं होतं. सकाळी आणि दुपारी दोघं खिडकीपाशी पट मांडून बसायची. दादा हरला. दुसऱ्या दिवशी हरला, त्या आठवड्यात हरला, त्याच्या पुढच्या आठवड्यात हरला. ती कसलीच गय करत नव्हती. पहिले काही दिवस त्याला झोंबलं, मग गंमत अशी झाली की त्याला मोकळं वाटू लागलं. हे हरणं तरी अस्सल होतं. त्याच्या हाताला हळूहळू जुनं वळण आलं. आणि मुंगी पुन्हा त्याच्याकडे पाहायला लागली होती, पटावरून नजर उचलून, त्याच्या कपाळाकडे, बोटांकडे.

एका दुपारी त्याने एक प्यादं पुढे केलं. ती थांबली. बराच वेळ बसून राहिली. मग तिने हात पुढे केला. "हरले मी," ती म्हणाली.

दादाने तो हात धरला नाही. तो ताडकन उठला, खुर्ची मागे पडली. "तू शब्द दिला होतास मला."

"दादा, खरंच हरले."

"पुन्हा तेच. मी काय अजून ताटावरून उठणारा पोर आहे?" त्याने बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले. मुंगी दारात उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला पटवायला माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. "मी चार वर्षं खोटं खेळले, आता खरं सांगितलं तरी तुला पटणार नाही. ते माझंच केलेलं आहे. पण तू गेलास तर मी स्पर्धेला जाणार नाही."

तो गेला नाही. पटलं म्हणून नाही, तिचा तो चेहरा बघवेना म्हणून. कपडे परत कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ती दोघं पुन्हा खिडकीपाशी बसली. दादा पुन्हा हरला. आदल्या दिवशीचा तो डाव मात्र त्याच्या मनात काट्यासारखा सलत राहिला. आयुष्यात तिच्याविरुद्ध मिळालेला एकुलता एक विजय, आणि तो खरा की खोटा हे सांगणारं जगात कोणी नव्हतं.

स्पर्धेत लोकांनी तोंडात बोटं घातली. संपली म्हणून जिच्यावर लेख आले होते तिने पहिल्या तीन फेऱ्या ओळीने जिंकल्या. ज्या खेळाडूने तिला गेल्या वर्षी सतत धूळ चारली होती, तो तिच्यासमोर पुरता चक्रावला. तिने अशी एक चाल केली की समालोचकांनी ती चूकच ठरवली, कॉम्प्युटरनेही नाक मुरडलं. पण त्या माणसाला ती चूक दिसलीच नाही. "त्याला पटाची डावी बाजू दिसत नव्हती, दमला की त्याला ती दिसत नाही," तिने नंतर दादाला जेवताना सहज सांगितलं. दादा मनात म्हणाला, आपल्यासमोर बसून हिने आपलं काय काय पाहिलं असेल!

शेवटी ती दुसरी आली. अर्ध्या गुणाने जगज्जेत्याशी खेळायची संधी हुकली. ती रडली नाही. परतीच्या विमानात तिने बूट काढले, पाय वर घेतले आणि डोळे मिटून बसली. दादाला चैन नव्हतं. तो समुद्राकाठचा तो डाव मनात मागेपुढे करत होता, आणि ढगांवर असताना त्याला एक गोष्ट दिसली.

"मुंगे," तो म्हणाला. "त्या डावात तू वाचली असतीस. प्याद्याकडे न बघता हत्ती मागे पहिल्या ओळीत नेला असतास, तर मला काही करता आलं नसतं. बरोबरी होती."

तिने डोळे न उघडताच पट मांडला असावा. मग तिचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा.

"एवढं सोपं?" ती दात आवळून म्हणाली. "एवढं साधं मला दिसलं नाही?" तिने समोरच्या ट्रेवर अशी मूठ आपटली की चहा शेजारच्या माणसाच्या पायावर सांडला. तिने त्याची माफीसुद्धा मागितली नाही, ती दादानेच मागितली. "बिनडोक, बिनडोक," ती स्वतःलाच पुटपुटत होती. दादा आपल्याकडे पाहतोय याचं तिला भानही नव्हतं. विमान उतरायला लागलं तरी ती फुरंगटलेलीच होती.

दादा पाहतच राहिला. एवढा राग कोणाला खोटा आणता येत नाही, हे त्याला कळत होतं. पट्टा बांधायला त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. शेजारचा माणूस ओल्या पँटीसकट वळून म्हणाला, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"नाही, बरं आहे," दादा म्हणाला. "मी एक डाव जिंकलोय."

मुंगी अजून खेळते. जगज्जेती झाली नाही, आता होईलसं दिसत नाही, पण तिच्यासमोर बसायला भले भले कचरतात. दादाने छापखान्यावरच्या क्लबात पुन्हा नाव घातलं. दुकान बंद असलं की तो तिथे असतो. कधी जिंकतो, पुष्कळदा हरतो, आणि घरी येऊन बायकोला दोन्ही सांगतो.